नोंद चूक आहे

शाळेच्या दाराने इराला सलग अकराव्या दिवशी आत घेतलं नाही.

दारासमोर उभं राहून प्रत्येक मुलाने आपलं नाव सांगायचं, दार ते आवाजनोंदीशी ताडून बघणार आणि मग उघडणार, अशी आता सगळीकडचीच रीत होती. इरा छाती पुढे काढून ठणठणीत सांगायची, “इला काताली.” आणि दार तिच्याच आवाजात, पण स्वच्छ ‘र’ लावून म्हणायचं, “मी इरा कातारी. तू कोण?”

साडेचार वर्षांच्या पोरीला आधी गंमत वाटली. अकराव्या दिवशी मात्र परत येताना तिने आर्वीचं बोट घट्ट धरलं. “आई, खली इला आत लाहते का गं?”

आर्वीने तिला तिथेच रस्त्यात उचलून घेतलं. पोरगी आता कडेवर मावत नव्हती, तरी घेतलं.

आवाजनोंद मंडळाचा कागद तोवर घरी येऊन पडला होता. इराची ‘जुळवणी’ करायची. म्हणजे सहा महिने कानात एक मणी घालायचा. ती बोलेल तेव्हा तिचाच सुधारलेला आवाज मणी कानात घुमवणार, जीभ शरण येईपर्यंत. हरकत असेल तर शुक्रवारी पाचच्या आत, मंडळाच्या तज्ज्ञाच्या तोंडी निवेदनासह. हरकत आली की जुळवणी थांबते. नाही आली तर सोमवारी मणी.

आज शुक्रवार होता.

तज्ज्ञ म्हणून डॉ. सायली रेडेकर दुपारी दोनला मिरजेत आर्वीच्या बोळात आल्या. पंचावन्नच्या, नीटनेटक्या, बातम्या वाचाव्यात तसं बोलणाऱ्या. ज्या यंत्रणेने ही नोंद ठेवली होती ती त्यांनीच उभी केली होती. आर्वीच्या कारखान्यात त्यांनी नाक मुरडलं नाही, एवढं आर्वीने मनात टिपून ठेवलं.

कारखाना म्हणजे एक खोली. आर्वीचे आजोबा इथे तंबोऱ्याच्या खुंट्या कातायचे. आर्वी त्याच लेथवर आवाज कातत होती. मऊ लाखेचा थर दिलेली तबकडी लेथवर फिरते, माणूस बोलतो, आणि तापलेली सुई त्याचा आवाज तिच्यात कोरत जाते. बोळातल्या तंबोरेवाल्यांना ही तबकडी लागे, कारण यंत्रणेतून ऐकलेला प्रत्येक तंबोरा हल्ली एकसारखाच वाजे.

“मॅडम, मला एवढंच सांगा,” आर्वी म्हणाली. “पोरगी ‘इला’ म्हणाली. मी बाजूला उभी होते. मग नोंदीत ‘इरा’ आलं कुठून?”

“अंदाजकोशातून.” डॉक्टर स्टुलावर बसल्या. “सगळ्या जगाचा आवाज जसाच्या तसा ठेवायला जागाच नाही. म्हणून कोश आवाज ठेवत नाही, वर्णन ठेवतो. कोण बोललं, काय बोललं, साधारण कसं. मागितलं की त्यावरून पुन्हा घडवून देतो. तुम्ही आमटी साठवता का? नाही. कृती लक्षात ठेवता नि पुन्हा करता.”

“आणि दर खेपेला तिखट थोडं कमी.”

डॉक्टर हसल्या. “बरोबर ओळखलंत. घडवताना जे राहून गेलंय ते कोश अंदाजाने भरतो. बहुतेक लोक जसं बोलतात, तसं. आणि तेच परत ठेवतो.”

“राहून गेलेलं भरता, ठीक. माझ्या पोरीचं काय राहून गेलं होतं?”

“‘र’.”

“तो राहिला नव्हता हो. तो अजून यायचाय! दात येतात तसा.”

इराने तोंड उघडून दात दाखवले. डॉक्टरांनी मान वळवली.

आर्वीने कोरी तबकडी लेथवर चढवली. “इरा, बाळा, ये. या नळकांड्यात बोल. मॅडम, सुई टेकली की थांबवता येत नाही नि पुसता येत नाही. जे पडलं ते पडलं.”

सुई टेकली. काळाभोर, केसाहून बारीक धागा तबकडीतून वर यायला लागला. कातारी त्याला ‘कात’ म्हणतात, सापाची असते तशी. कोरडी राहिली तर ठिणगीसरशी भडकते, म्हणून सुईजवळची नळी ती ओढून पाण्याच्या बरणीत सोडत होती.

“माझं नाव इला काताली,” इरा म्हणाली. मग तिला एकटीने बोलायचा कंटाळा आला असावा. ती डॉक्टरांकडे वळली. “तुझं नाव काय गं?”

डॉक्टर सहज काहीतरी म्हणाल्या, इरा खिदळली, आणि आर्वीने सुई उचलली.

लाखेची तबकडी वाजवली की झिजते. चार वेळा ऐकली की आवाजाची धार गेली. म्हणून कातारी ती सहसा वाजवतच नाहीत. आज आर्वीने वाजवली.

‘माझं नाव इला काताली.’

“ही मी!” इरा ओरडली.

‘तुझं नाव काय गं?’ आणि मग एक जाडसर, ओबडधोबड, मायाळू आवाज: ‘सायली गं माजं नाव. आमच्या आयेनं ठेवल्यालं. तुजं कुनी?’

डॉक्टर इकडेतिकडे बघू लागल्या. “ही तिसरी बाई कोण?”

“खोलीत तिघीच होतो, मॅडम,” आर्वी म्हणाली. “त्यातली मी गप्प होते.”

डॉक्टर फिरणाऱ्या तबकडीवर वाकल्या. “आजऱ्याकडची आहे मी,” त्या म्हणाल्या. “पण असं बोलते, हे... पुन्हा लावा.”

“झिजेल.”

त्यांनी मान डोलावली, पिशवीतून निवेदन टिपणारी मंडळाची पाटी काढली आणि तिच्यासमोर स्पष्ट बोलल्या, “इरा कातारी हिची नोंद चूक आहे.”

पाटीने खात्रीसाठी त्यांच्याच आवाजात वाचून दाखवलं, ‘इरा कातारी हिची नोंद अचूक आहे. कायम करू?’

“नको. नोंद चूक आहे. चूक!”

‘नोंद अचूक आहे. अचूक. कायम करू?’

“चुकीची आहे!”

‘नोंद बिनचूक आहे. कायम करू?’

इरा हसून हसून लोळली. आर्वीला हसू येईना.

“तज्ज्ञ ‘चूक’ म्हणत नाहीत,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणून माझा एक ‘अ’ राहून गेलाय, असं कोश धरतोय. नऊ वर्षांत एकोणीस हजार जुळवण्यांवर मी सह्या केल्या; एकाही तज्ज्ञाने नोंद चूक म्हटलेली नाही.” आणि त्या मध्येच थांबल्या. “म्हटलं असेल. कुणीकुणी म्हटलं असेल.”

घड्याळात पावणेचार झाले होते.

“नियमात काय आहे?” आर्वीने विचारलं. “निवेदन पाटीवरच पाहिजे?”

“ध्वनिमुद्रित असावं. कशावर, ते लिहिलेलं नाही.”

“मग उठा.” आर्वीने दुसरी तबकडी चढवलीसुद्धा. “इथे ‘अ’ आपोआप येत नाही.”

सुई टेकली. डॉक्टर नळकांड्याजवळ वाकल्या. “इरा कातारी हिची नोंद अचूक—”

त्यांनी तोंडावर हात धरला. कात वर येतच होती. पाटीने नव्हतं केलं हे. नऊ वर्षं जे स्वतःच्या आवाजात परत परत ऐकलं, तेच जिभेवर आलं होतं.

“चूक!” इराने स्टुलावर चढून नळकांड्यात तोंड घातलं. “तू चुकलीस! चूक म्हण!”

“व्हय बाळ,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली उतरला, जाड झाला. “चूक. मी डॉक्टर सायली रेडेकर सांगते, इराची नोंद चुकलीया. माजी बी चुकलीया. आनि ज्या पोरांच्या जुळवनीवर मी सह्या केल्या, त्यांची बी. त्यांची नावं...”

नावं आली नाहीत. नावं कोशात होती, कोशाने दुरुस्त केलेली. ती पोरं आपलं नाव स्वतः कसं घ्यायची, ते आता त्या पोरांनाही सांगता आलं नसतं.

“उचलू?” आर्वीने खुणेने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. नको. सुई कडेपर्यंत चालत राहिली, काही न बोललेलं कोरत.

पाचला वीस मिनिटं कमी असताना तिघी मंडळाच्या कचेरीत पोचल्या. कारकुनाने तबकडी उलटसुलट केली. “हे काय, ताई? हे कोशात चढवू कसं?”

“चढवायचं नाही,” आर्वी म्हणाली. “ऐकायचं. यंत्र आणलंय मी. चारच वेळा नीट ऐकता येईल, तेव्हा गप्पा मारू नका. आणि आधी शिक्का मारा. पाच व्हायचेत.”

त्याने कुरकुरत शिक्का मारला. सोमवारचा मणी टळला. मग यंत्र सुरू झालं. ‘अचूक’ आलं, ‘चूक!’ आलं, तो जाडसर आवाज आला, आणि त्यानंतर नुसती खरखर.

कारकून वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, “इथे काहीच नाही की.”

“नीट ऐक,” डॉ. रेडेकर म्हणाल्या. “तितं एकोनीस हजार पोरं हाईत.”