दुपारचा वसुलीवाला

वहिनी इतकी तीक्ष्ण, की तिनं कांदा चिरायला घेतला तर रडायचं काम कांद्यालाच करावं लागे. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत तिचं तपासाचं ऑफिस होतं. खुर्च्या तीन. तिसरीवर कायम तिचे दीर, निवृत्त बस कंडक्टर. भावोजी माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड पडेपर्यंत सकाळची दुपार व्हायची.

त्या दिवशी फ्रेमवाला आला. फोटोंना चौकटी करून देणारा. नखांत लाकडाचा भुसा, डोळ्यांत झोप नाही.

"उद्या दुकान विकतोय," तो उभ्यानंच म्हणाला. "बायको म्हणाली, सही करण्याआधी एकदा तुम्हाला विचारून ये. एक वसुलीवाला हात धुऊन मागे लागलाय."

"आधी बसा. कर्ज कसलं?"

"मुलीच्या ऑपरेशनचं. हप्ते चुकले आणि फोन सुरू झाले. शिव्या, धमक्या. जेवताना पण. शेवटी मी मोबाईल उचलणंच सोडलं, कुणाचाही. कसंबसं सगळं भरलं. वाटलं, सुटलो. तर हा आता दुकानाच्या फोनवर येतो. जुना डबा आहे तो, त्यावर नंबर दिसत नाही. आणि गिऱ्हाईक असेल म्हणून उचलावा तर लागतोच."

"काय म्हणतो?"

"फार बोलत नाही, तेच भयंकर. तोंडात कापूस कोंबल्यासारखा आवाज. म्हातारा असावा. मी विचारतो, अजून बाकी आहे का? तर म्हणतो, हं, आहे. मी विनवण्या करतो, तो ऐकत बसतो. मध्येच विचारतो, पोरगी शाळेतून एकटी येते का? दुकानात उशिरापर्यंत का बसता? परवा म्हणाला, खोकला जात नाही का?"

भावोजी खुर्चीतून अर्धे उठले. "पाळत ठेवलीय, वहिनी. सरळ सरळ धमकी."

"किती भरायचे, कुठे भरायचे, ते सांगितलं?"

फ्रेमवाला थबकला. "नाही. ते कधीच नाही."

"आणि त्याचं नाव? कंपनी?"

"देणेकऱ्यानं कुठल्या तोंडानं विचारायचं?"

"ज्या तोंडानं जेवता, त्याच तोंडानं. कर्ज घेतलं म्हणजे माणूस गहाण पडत नाही हो. फोन करणाऱ्यानं आपण कोण, कुठल्या कंपनीचे, हे सांगायलाच हवं. हिशेब लेखी मागायचा. शिवीगाळ नाही, अवेळी फोन नाही, शेजाऱ्यांत बोभाटा नाही. ऐकलं नाही तर तक्रार करायची."

फ्रेमवाल्यानं मान खाली घातली. "हे आधी कळायला हवं होतं. वडिलांचं यंत्र तरी वाचलं असतं, चौकटीचे कोपरे कापायचं. काही तरी भरता यावं म्हणून मागच्या आठवड्यात विकलं."

"नातेवाइकांना येतात का असे फोन? घरी कोण कोण?"

"बायको, मुलगी. आई वेगळी राहते. तिला येतात की नाही, देव जाणे. ती मोबाईलवर करते, पण मी उचलत नाही ना. पूर्वी दुकानाच्या फोनवर करायची. मीच ओरडलो एकदा, गिऱ्हाईक अडतं म्हणून."

"जाता का तिच्याकडे?"

"डोक्यावर देणं घेऊन काय जायचं? म्हटलं, मोकळा होऊनच जाईन."

वहिनीनं त्याचा पत्ता घेतला, आईचा घेतला आणि चपला घातल्या.

कर्ज देणाऱ्या कंपनीतला साहेब गुळगुळीत होता, त्याच्यावर माशी बसली तर घसरून पडली असती. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं. "हे खातं कधीच बंद झालं. एक पैसा बाकी नाही."

"मग त्यांना कळवलं का नाही?"

"कळवायला किती फोन केले. उचलतच नाहीत."

"का उचलतील?" वहिनी म्हणाली. "तुमच्या आधीच्या फोनांनी चांगलं वळण लावलंय त्यांना."

साहेबानं चहा विचारला. तिनं नको म्हटलं.

मग दुकानाशेजारचा काचवाला. दुकान घेणारा तोच, यंत्र घेणाराही तोच. भावोजींनी बाहेरच निकाल दिला, "हाच तो. दुकान स्वस्तात लाटायला फोन करतो."

काचवाला हसला. "मी काचेतला माणूस, बाई. आरपार बघा. दुपारी फोन येतो तेव्हा मी काच कापत असतो. भिंतीपलीकडून तो ओरडतो, जरा थांबवा, फोनवर ऐकू येत नाही. मी थांबतो. विचारा त्याला."

"आणि ते यंत्र?"

"मोडीत दिलं. लोखंडाच्या भावात गेलं. कोण वापरतं हल्ली?"

फ्रेमवाल्यानं ओरडण्याची गोष्ट खरी असल्याचं सांगितलं. दुकानात जमिनीवर बोल्टांची भोकं तेवढी उरली होती.

शेवटी आई. बेल वाजवून बराच वेळ झाला. म्हातारीनं दार उघडलं ते तोंडावर पदर धरून. हातानंच थांबा म्हणाली, आत गेली, आणि बाहेर आली ती घंटेसारखा खणखणीत आवाज घेऊन.

"या, बसा. काय काम काढलंत?"

खोली स्वच्छ होती. स्टुलावर मोबाईल आणि शेजारी काचेचं भांडं, अर्धं पाण्यानं भरलेलं. भावोजी त्यात वाकून बघत राहिले. "मासा पाळला होता का, आजी?"

"नाही हो," म्हातारी म्हणाली आणि तिनं भांडं हळूच मागे सरकवलं.

वहिनीनं विचारलं, "मुलाशी बोलणं कधी झालं?"

"तो कामात असतो. मुलगी आजारी होती तेव्हापासून नाहीच धड बोलणं." म्हातारी उठली, कपाटातून मधाची बाटली काढून आणली. "त्याच्याकडे जाणार असाल तर एवढं द्या. खोकल्यावर बरं पडतं."

जिना उतरताना भावोजी म्हणाले, "म्हातारी गरीब बिचारी. वेळ फुकट गेला."

"फुकट नाही, भावोजी. पण गेला असता तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं फ्रेमवाल्याला आईच्या खोलीत बोलावलं. काचवाल्याला विक्रीचे कागद घेऊन खालीच थांबायला सांगितलं. आई नि मुलगा समोरासमोर बसले, पाहुण्यांसारखे.

"वसुलीवाला आधी पैसे मागतो," वहिनी म्हणाली. "यानं कधीच मागितले नाहीत. खातं बंद आहे, मी खात्री केली. म्हणजे कंपनी नाही. काचवाला नाही, फोन चालू असताना त्याची काच भिंतीपलीकडे वाजत होती. मग उरलं काय? ज्याला पैसा नको, असा माणूस. खोकल्याची चौकशी करणारा. पोरगी एकटी येते का, उशिरा का बसतोस, हे वसुलीवाल्याच्या तोंडी धमकी वाटतं. तेच दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून बघा."

फ्रेमवाला आईकडे बघू लागला.

"खोकला तुम्हाला आत्ता आत्ता झाला. यांच्याशी तुम्ही किती दिवसांत बोलला नाहीत. तरी मध तयार होता. आणि काल दार उघडताना यांनी तोंड झाकलं, आत गेल्या, मग बोलल्या. स्टुलावर पाण्याचं भांडं होतं."

"मासा," भावोजी पुटपुटले.

"दात, भावोजी. कवळी. दुपारी पडताना काढून ठेवतात. तोंडात दात नसले की घंटेचासुद्धा कापूस होतो."



"पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं रे," म्हातारी म्हणाली. "पडल्या पडल्या तुझी आठवण आली. मोबाईल उचलत नव्हतास, म्हणून दुकानात लावला. मी नुसतं हं म्हटलं आणि तू सुरूच झालास. साहेब, थोडं थांबा, मुलगी आत्ता कुठे चालायला लागलीय. मला तर ती चालायला लागल्याचंही माहीत नव्हतं. सांगणार होते, अरे, मी आहे. मग वाटलं, सांगितलं तर म्हणशील, आई, गिऱ्हाईक अडतं."

"आई, मी घाबरून—"

"माहीत आहे. तू विचारायचास, बाकी आहे का. नाही म्हटलं असतं तर फोन ठेवला असतास ना? म्हणून आहे म्हणायचे. त्या वसुलीवाल्याशी किती बोलायचास. एकदा रडलास. माझ्यापाशी कधी रडलास?"

फ्रेमवाल्यानं तोंड ओंजळीत धरलं.

"दुकान विकायला निघशील असं वाटलं असतं, तर जीभ हासडली असती मी," ती म्हणाली. "पण अजून काही गेलं नाही ना? यांचं यंत्र जागेवर आहे ना?"

त्यानं ओंजळ काढली नाही. म्हातारीला उत्तर कळलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

वहिनी भावोजींना घेऊन निघाली. खाली काचवाला उभा होता.

"कागद फाडा," ती म्हणाली. "आणि ते लोखंड कुठे गेलं, त्याचा शोध घ्या."

"वितळलं असेल, बाई."

"तरी शोधा."

यंत्र सापडलं नाही. पुढे दुपारी दुकानाचा फोन वाजला तेव्हा फ्रेमवाला त्या बोल्टांच्या भोकांशेजारी उभा होता. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्यानं उचलला.

पलीकडे थोडी धावपळ ऐकू आली, मग पाण्याचा आवाज.

"आई," तो म्हणाला, "दात राहू दे. तशीच बोल."