पुतळाबाईचा फ्रिज

धनेशने पहार उचलली आणि ओटीवर उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या फ्रिजच्या दारावर असा घाव घातला, की पांढरा पत्रा आत चेपला आणि त्याची आई पुतळाबाई घरातून ओटीवर धावली...

ऐरोलीच्या खाडीकाठी त्यांचं गाव. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड विकून त्या दिवसांत घरोघरी फ्रिज येत होते. कॉलेजात शिकवणाऱ्या धनेशने मासिकांतून तापमानाचे आलेख वाचले, फ्रिजमधल्या वायूने पृथ्वी तापते हे त्याच्या मनाने घेतलं आणि होळीच्या दिवशी गावदेवीसमोर नारळावर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की माझ्या घरात फ्रिज चालणार नाही. त्याचा बाप देवजी त्या आलेखांना हसायचा. परमुलखात कुणी कागदावर रेघ ओढली म्हणून आमच्या खाडीवरचा वारा तापतो होय, असं विचारायचा. खरं तर बापलेकांनी जन्मभर यावरून भांडावं आणि संध्याकाळी शेजारी बसून जेवावं, एवढंच ते प्रकरण होतं! पण नशिबाला तेवढं पुरलं नाही.

घाव ऐकून देवजी मागीलदारातून धावत आला. कोपऱ्यातलं वल्हं त्याने पोराच्या डोक्यावर उगारलं. धनेशनेही पहार खाली ठेवली नाही. त्या दोन आंधळ्या संतापांच्या मध्ये पुतळाबाई शिरली, आणि पोरासाठी निघालेलं वल्हं तिच्या कपाळावर बसलं... फ्रिजला टेकत ती खाली घसरली. पांढऱ्या पत्र्यावर रक्ताचा ओघळ उमटला.

सून उन्नती पाण्यासाठी माठाकडे धावली. माठाच्या गळ्याला ओल्या फडक्यात बांधलेली एक कुपी तिच्या हाताला लागली. ती इन्सुलिनची होती.

वल्हं टाकून देवजी ढसाढसा रडू लागला आणि रडतारडता सगळं सांगून बसला. पुतळाबाईची साखर वाढली होती, उन्हाळ्यात औषध नासतं म्हणून डॉक्टरांनी फ्रिज घ्यायला सांगितलं होतं. त्याने तो आणला, तर ही बाई त्याची वायर लावू देईना! कुणाला सांगायचं नाही, असं तिने त्याच्याकडून वचनही घेतलं होतं.

"आये, मला का नाय सांगितलंस?" धनेशने तिचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेतलं.

"सांगितलं असतं तर तू शपथ मोडली असतीस, पोरा. देवीसमोरची शपथ हाय ती. मोडनाऱ्याचा जीव घेते."

स्वतःच्या देहात विष साठत असताना या माउलीने लेकाची शपथ सांभाळली होती! धनेशला शरमेने वर बघवेना.

आईला टाके घालून आणल्यावर तो नारळ घेऊन गावदेवीकडे गेला आणि जमलेल्या गावातल्या पोरांसमोर त्याने शपथ मोडली. आलेख खरेच आहेत, पण आई त्यांच्याआधी, असं तो म्हणाला. शिक्षा फक्त मला दे, असं त्याने देवीला सांगितलं. चेपलेलं दार लागत नव्हतं, म्हणून देवजीने जाळ्याची दोरी काढली. एक टोक बापाने ओढलं, दुसरं लेकाने. गाठ मारतानाही आलेखांवरून त्यांचं वाजलंच.

फ्रिज सुरू झाला. पुतळाबाईची साखर उतरली. पण सकाळी उठल्यावर ती आधी फ्रिजकडे जात नाही. झोपलेल्या धनेशच्या नाकाशी ती हात धरते, त्याचा ऊन श्वास तळव्याला लागेपर्यंत तशीच वाकून उभी राहते... आणि मग दोरी सोडून आपलं औषध काढते.