ओळी तिच्या, नावही तिचंच

चहाचा कप घेऊन ती खिडकीकडे निघाली होती. वाटेत एका अनोळखी माणसाच्या स्क्रीनवर तिला स्वतःच्याच प्रोग्रामच्या ओळी दिसल्या आणि ती थबकली. ऑफिसात तिला ‘ठिणगी’ म्हणत, ते काही उगाच नाही.

“काय चाललंय हे?”

तो दचकून वळला. आजच रुजू झालेला. डोळे हसरे होते, पण रागात असलं काही पाहायचं नसतं!

“फाइल्स नव्या फोल्डरमध्ये नेतोय. साहेब म्हणाले, कॉपी करा, जुन्या उडवा. जाता जाता थोडी साफसफाईही केली…”

“वा! राबले मी, आणि उद्या सिस्टिममध्ये प्रत्येक ओळीपुढे लेखक म्हणून नाव दिसणार तुमचं. बढती ठरवताना तीच नावं बघतात. आयत्या बिळावर नागोबा!”

“नागोबा?” तो हसला. “पहिल्याच भेटीत? मग विष उतरवायलाही तुम्हीच शिकवा.”

हसू दाबत तिने खुर्ची ओढली. “आधी फाइल नुसती हलवायची, जशीच्या तशी, आणि तेवढंच कमिट करायचं, म्हणजे त्या बदलाची नोंद करायची. साफसफाई नंतर, वेगळ्या कमिटमध्ये. दोन्ही एकदम केलंत, तर सिस्टिमला ही दुसरीच फाइल वाटते आणि जुनी नावं गळतात.”

तिला जागा व्हावी म्हणून त्याने माउसवरचा हात इतक्या हळुवारपणे बाजूला घेतला, की पुढचं वाक्य ती विसरूनच गेली…

संध्याकाळी साहेब आले. “अजून तेच? कॉपी मारा आणि मोकळे व्हा! कुणी लिहिलं, याच्याशी कुणाला घेणंदेणं?”

ती तोंड उघडणार, तोच तो उठला. “मला आहे, साहेब. दुसऱ्याचं काम माझ्या नावावर नको. उशीर मात्र खुशाल माझ्या नावावर घाला.”

“अर्धा माझ्या,” ती म्हणाली. साहेब पुटपुटत निघून गेले.

शेवटची फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत तिचंच नाव! तिला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

“आता… निघाल तुम्ही?” त्याने विचारलं.

तिने मान ताठ केली. “मला तू आवडलास. पहिल्याच दिवशी, हो! हसायचं तर हस. मी शब्द मागे घेणार नाही.”

तो कानापर्यंत लाल झाला. “मलाही… तेच म्हणायचं होतं.”

“चालणार नाही! ते वाक्य माझं. तू तुझं बोल.”

आणि तो बोलला… अडखळत, घाम पुसत, पण स्वतःच्या शब्दांत.