मेमसाबच्या वेलीला कीड

खरं प्रेम निर्भय असतं, असं शहाण्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी रशियन मेमसाबची वेल सांभाळायला ठेवलेली नव्हती.

तेजरामच्या घरी होती. साल एकसष्ट. भिलाईच्या पोलादाच्या भट्टीवर तेजराम हेल्पर होता, तोही कच्चा. पक्कं करायचं की तिरोड्याला परत धाडायचं, हे रशियन एक्सपर्ट साहेबाच्या एका शब्दावर आहे, असं सगळे म्हणत. हा साहेब बायकोसह उन्हाळ्याच्या रजेवर निघाला, तेव्हा त्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, "झाडातलं कोणाला कळतं?"

"आमी धानाचे शेतकरी, साहेब," तेजराम छाती काढून म्हणाला.

अशी ती वेल सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आली. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढलेली, तळहाताएवढ्या गुळगुळीत पानांची. ऊन नको, पाणी बेताचं, पानं ओल्या फडक्यानं पुसायची, एवढं मेमसाबनं खुणांनी सांगितलं. बाहेर लू सुटली होती. वाळ्याच्या ताटीसमोरची गार जागा वेलीला मिळाली आणि तेजरामची बायको मैनाबाई चुलीकडे सरकली. ड्यूटीवर जाताना तेजराम वेलीला नमस्कार करी. तिच्यासमोर तो मोठ्यानं खोकतही नसे.

पानं पुसायचं काम मुलीकडे, कौशल्याकडे होतं. एका सकाळी नवं पान उलगडलं... चांगलं ताटाएवढं... आणि त्याला भोकं होती.

"बाबा," ती म्हणाली, "कीड."

तेजराम मटकन खाली बसला. धानाच्या पानाला भोक पडलं की पुढं काय होतं, हे त्याला सात पिढ्यांपासून माहीत होतं.

कौशल्या भर उन्हात टाउनशिपच्या नर्सरीत गेली. माळ्याच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता. त्याचं नाव दिवाकर. दुर्गच्या जुन्या मराठी घरातला, पाणीपुरवठ्यातला ओव्हरसियर. तो पंप बघायला आला होता आणि सावली फक्त त्या खुर्चीवरच होती.

"झाडाची दवा तुमीच देता का जी?"

दिवाकर 'नाही' म्हणायला वळला. लूपासून वाचायला तिनं पदर नाकावरून घेतला होता. दिसत होते ते फक्त डोळे, भेदरलेले, मोठे...

"दे... देतो की," दिवाकर म्हणाला.

त्या क्षणापासून त्यालाही भीती वाटू लागली.

तो तंबाखूचं पाणी घेऊन क्वार्टरवर आला. तेजरामनं त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून चहा दिला. कप धरताना दिवाकरचा हात कापत होता.

"डॉक्टरसाहेब, तुमचा हात कावून थरथरून राह्यला?" कौशल्यानं विचारलं.

"उन्हानं."

"घरात तं ऊन नाई."

"मग... चहा गरम आहे."

"तुहा चहा गरम हाय म्हणे, आयकलं का व माय?" ती आत ओरडली. आतून बांगड्या हसल्या.

कीड शोधण्याचं काम एकट्याचं नव्हतं. एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं खालून बघायचं. पानाआड बोटाला बोट लागे आणि दोघं दचकून पान सोडून देत... मग पुन्हा तेच पान बघावं लागे. कीड काही सापडेना. सापडू नये, असं दोघांनाही वाटू लागलं होतं, पण तेजरामचा चेहरा बघितला की त्याची लाज वाटे. तेजरामचं जेवण सुटलं होतं. भट्टीपाशी उभा राहणारा तो माणूस एका पानाला घाबरून कोपऱ्यात बसून असे.

दुसरं नवं पान आलं. गुंडाळीतून सुटतानाच त्याला भोकं होती, आणि कडाही चिरलेल्या.

"पोटातूनच कीड घेऊन आलं ना बाप्पा!" मैनाबाई म्हणाली.

सगळ्यांनी डॉक्टरकडे बघितलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"कापावी लागतील," दिवाकर म्हणाला. "पसरायच्या आत."

विळी कौशल्यानं आणली, कापलं दिवाकरनं. नंतरही भोकांचं पान आलं की कापायचं, असं सुरू झालं.

मग निरोप आला. साहेब परतले, वेल बंगल्यावर आणा.

वेल सायकल-रिक्षात ठेवून कौशल्या शेजारी बसली. दिवाकर सायकलवरून बरोबरीनं चालला होता. तेजराम पुढं चालत होता, मागं न बघता.

"कौशल्या... एक सांगायचं आहे." दिवाकरनं सायकल रिक्षाजवळ घेतली. "मी झाडांचा डॉक्टर नाही. मी पंपाचा माणूस आहे."

"मले मालूम हाय."

सायकल रिक्षावर आदळता आदळता राहिली. "कधीपासून?"

"तंबाखूच्या पाण्यापासून. नर्सरीतल्या गयाबाईले इचारलं होतं मी."

"मग येऊ का दिलंस?"

ती वेलीआड गेली. पानं फार नव्हती, त्यामुळे नीट लपताही आलं नाही.

"कीड पाहाले माहे दोन डोये कमी पडून राह्यले होते," ती म्हणाली. "आन्... एकटीले भेव लागे."

"मलाही भीती वाटते. तुझ्या बाबांची नोकरी गेली तर तू तिरोड्याला जाशील... त्याचीच."

"मंग आता बोलू नोका," कौशल्या म्हणाली. "बंगला आला."

मेमसाबनं वेल वरपासून खालपर्यंत न्याहाळली. नेली होती तशीच होती, गुळगुळीत पानांची. ती मान हलवून हसली. प्रकरण तिथेच संपलं असतं.

पण तेजरामनं भीतीनं हात जोडलेले दिसले आणि दिवाकर पुढं झाला. "मेमसाब, वेलीला कीड लागली होती. भोकांची पानं मी कापली. यांची काही चूक नाही... शिक्षा मला करा."

कौशल्या त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "विळी म्या देली होती," ती म्हणाली. आणि बापासमोर, दुभाष्यासमोर, सोव्हिएत संघासमोर तिनं त्याची बाही धरली.

दुभाष्यानं भाषांतर केलं. मेमसाबनं डोळे विस्फारले. मग बराच वेळ ती बोलत राहिली, हातांनी मोठाली पानं दाखवत. दुभाष्या हिंदीत म्हणाला, "कीड नव्हती. ही वेल खूष झाली, अंगानं भरली, की मगच तिला भोकांची पानं येतात. मेमसाबकडे तीन वर्षांत एक आलं नाही."

दिवाकरनं कापलेली पानं मनात मोजून बघितली आणि मोजणं सोडून दिलं.

पावसाळा सरल्यावर लग्न झालं. तेजराम जावयाला शेवटपर्यंत डॉक्टरसाहेबच म्हणत राहिला, वेगळ्या सुरात. त्याची पक्केपणाची ऑर्डरही निघाली, भट्टीवरच्या सगळ्या हेल्परांची एकदमच निघाली.

वेल मेमसाबनं लग्नात भेट दिली. आधीच्या साहेबानं ती बंगल्यातच सोडून दिली होती, आणि मेमसाबला ती कधीच आवडली नव्हती.