तांबडीची भिंत

खोटंच सांगायचं असतं तर मी मध्यरात्र निवडली असती. पण हे घडलं भर दुपारी, लख्ख उजेडात, एका तबेल्यात. आणि घडलं माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत.

मावशी घोड्यांची डॉक्टर. भित्री तर मुळीच नाही. जेवताना आतड्यांबद्दल बोलते, म्हणून आमच्या घरी पंगतीत तिच्याशेजारी बसायला कुणी तयार नसतं.

त्या सकाळी तबेल्यातली तांबडी घोडी मेली.

पहाटेच तिने शिंगरू दिलं होतं. पण त्याआधी दोन दिवस ती भिंतीला कपाळ लावून उभी होती. नुसती उभी नाही, रेटत होती. कपाळाची कातडी सोलली तरी रेटतच होती. डोळे पिवळेजर्द, लघवी तपकिरी.

मावशीने तिला फाडलं. यकृत बाहेर काढलं, तर ते हातात...

ओल्या पोतेऱ्यासारखं लोंबलं.

आणि तो वास. गोडसर, कुजका. हातमोज्यांतूनही नखांत शिरणारा. इतकी जनावरं फाडलेली माझी मावशी त्या दिवशी कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकली.

तांबडीला उचलून नेलं. म्हाताऱ्या मोतद्दाराने तिचं ठाण धुतलं, भिंतीवरचा पिवळा डाग खरवडला आणि वर चुना फासला.

शिंगरू शेजारच्या ठाणात पडून होतं. आईचा चीक त्याच्या पोटात गेलाच नव्हता, आणि चिकाशिवाय शिंगराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद येत नाही. त्यावर तबेल्यात एक ठरलेला उपाय होता. पांढऱ्या नावाचा धडधाकट घोडा होता, कधी शिंकलाही नसेल. त्याचं रक्त काढून, त्यातला पिवळट द्रव पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे. कुठलाही घोडा आजारी पडला की पांढऱ्याची पिशवी.

आता एकच उरली होती. मावशीने ती कोमट पाण्यात वितळवली.

"डॉक्टरबाई, जगेल ना हो हे?" मोतद्दाराने विचारलं.

"हे शिरेत गेलं तर जगेल. मान धरा नीट."

तिने सुई मानेजवळ नेली...

धप्प.

"भिंतीपलीकडे कुठला घोडा बांधलात?"

"कुठला बांधणार? चुना ओला आहे अजून."

तिने पुन्हा सुई नेली.

धप्प... धप्प...

हात मागे घेतला. एकदम शांत.

पुन्हा पुढे नेला. धप्प, धप्प, धप्प. शिंगराने कान टवकारले.

मावशी तडक पलीकडे गेली. ठाण रिकामं होतं.

पण पांढऱ्याशुभ्र चुन्यावर, घोड्याच्या कपाळाच्या उंचीवर...

एक पिवळा, ओला डाग उमटला होता. त्यात तांबडे केस चिकटलेले. दोघं बघत असतानाच तो पसरला आणि त्यातून एक ओघळ खाली आला.

मावशीने बोट लावलं. डॉक्टरांची सवय, दुसरं काय.

कोमट होता. आणि वास तोच.

ती मोतद्दाराकडे वळली.

"मामा, तांबडीला काटेरी तार लागून रक्त गेलं होतं, तेव्हा मी कुठली पिशवी चढवली होती?"

"पांढऱ्याचीच की. दुसरी आपल्याकडे असते कुठे? झाले दोन महिने."

मावशीने पिशवी मोरीत रिकामी केली आणि दुसऱ्या तबेल्यातल्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रिणीने तिथल्या घोडीचा साठवलेला चीक आणला. नळीने तो पाजला. संध्याकाळी शिंगरू लटपटत उभं राहिलं. मोतद्दार तोंड फिरवून रडला.

भिंत गप्प होती.

पुढे तपासणीत कळलं, पांढऱ्याच्या रक्तात यकृत खाणारा विषाणू होता. स्वतः ठणठणीत राहून तो बिचारा सगळ्यांना मरण वाटत होता. इथवर सगळं मावशीच्या पुस्तकात आहे. धप्प मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

ते शिंगरू आता उमदा घोडा झालंय. दुसऱ्या गावी, नव्या तबेल्यात असतं. मागच्या आठवड्यात त्याच्या पायात गंजका खिळा घुसला. मावशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन गेली. तेही घोड्याच्या रक्तापासूनच बनतं, पण हे तपासलेलं, सीलबंद.

तिने सुई मानेजवळ नेली...

धप्प.

नव्या तबेल्याच्या कोऱ्या भिंतीतून.

मावशीने इंजेक्शन दिलं नाही.

जखम भरतेय. पण धनुर्वात लगेच कळत नाही. मावशी रोज फोन करून विचारते, जबडा उघडतोय का, चारा खातोय का. आजवर तरी खातोय.

काल ती आमच्याकडे जेवायला आली होती. आतड्यांचं नावही काढलं नाही.

"तांबडी पोराला वाचवतेय," मावशी हळूच म्हणाली, "की स्वतःकडे बोलावतेय रे?"

मग घास तोंडाशी नेता नेता तिने बोटं हुंगली आणि ताट बाजूला सारलं.

काल तिच्याशेजारी मी बसलो होतो.

वास मलाही आला.