जिन्याखालचा गाळा

"अक्का, जरा टेप देता का?"

मी मशीनवरून मान वर केली. दारात एक उंच, घामाघूम झालेला मुलगा उभा. माझ्याहून चांगला दोन-तीन वर्षांनी मोठा, आणि मला अक्का म्हणतोय! मान्य आहे, आमच्या बीदरात दुकानात बाई दिसली की तिला अक्काच म्हणायचं, तशी रीतच आहे. पण माणसानं तोंड उघडण्याआधी समोर बघू नये का?

नाव सुगत, गाव चिंताकी. जुन्या शहराचा कायापालट करायला जे ऑफिस आलं होतं, त्यात हा नकाशे काढायचा. आमच्या गल्लीतली बुटकी दुकानं पाडून तिथे मोठं संकुल होणार होतं. खाली बाजार, वर वाचनालय, त्याच्या वर सभागृह, आणि शिवाय पार्किंग. त्याचं मोजायचं मशीन बंद पडलं, म्हणून माझ्या शिवणाच्या टेपनं साहेब रस्ता मोजायला निघाले. टेप संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा मागायला हजर.

"मशीन दुरुस्त झालं न्हाई का अजून?"

"झालंय की," तो हसला. "पण... तुमचा टेप बरा वाटायलाय, अक्का."

पुन्हा अक्का! त्या हसण्यावर जीव ओवाळून टाकावा की कात्री फेकून मारावी, काही कळेना.

पण खरी कटकट वेगळीच होती. नकाशात शिंप्यांची दुकानं खालच्या बाजारात न्हवतीच, वर दुसऱ्या मजल्यावर सभागृहाशेजारी टाकली होती. माझं गिऱ्हाईक म्हणजे गुडघे धरून चालणाऱ्या बायका. ब्लाउजसाठी एवढे जिने कोण चढणार? माझ्या आईनं, चांगुणाबाईनं, नौबादहून रोज येऊन-जाऊन उभं केलेलं हे दुकान. ते वर गेलं की बंद पडणार, यात मला शंकाच नव्हती.

मी रोज त्याच्याशी भांडायची. तो माझाच चहा पीत मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. एकदा बाहेर भुरभुर लागली होती, मी सुईत दोरा ओवत होते, आणि हा आपला बघतच राहिला.

"काय बघायलाव?"

"न्हाई... दोरा."

"दोरा कवाच गेलाय सुईत."

तो कानापर्यंत लाल झाला आणि छत्री विसरून भिजत निघून गेला. मी मात्र त्या दिवशी एक बाही उलटी जोडली.

महिनाभरानं नवा नकाशा लागला. सगळे शिंपी खाली आले होते, आणि रस्त्यावरचा कोपऱ्याचा गाळा चक्क माझ्या, पंचशीलाच्या, नावावर! मी हरखून गेले. गल्लीला मात्र ते झोंबलं. नकाशावरच्या हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी शेजारचे बांगडीवाले सिद्धप्पा सगळ्यांदेखत उठले आणि म्हणाले, हा पोरगा रोज हिला अक्का-अक्का करत दुकानात बसतोय, बहिणीला कोपरा दिला, आम्ही काय मागं बसून माश्या मारायच्या?

ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी सुगतला विचारलं, ही तुमची बहीण का? माझं डोकंच फिरलं. त्या मेल्या एका शब्दापायी माझं दुकान जाणार होतं.

"न्हाई साहेब," सुगत म्हणाला. "शिंप्यांना खाली आणलं ते बायकांच्या गुडघ्यांसाठी. ते बरोबरच हाय. कोपरा मात्र... तो पंचशीलासाठी दिला. तेवढं माझं चुकलं."

पंचशीला. पहिल्यांदाच नुसती पंचशीला! सिद्धप्पा उभ्याचे खाली बसले. आणि साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे तुमचे कोण?

कोणी नाहीत, एवढं म्हणाले असते तर कदाचित कोपरा वाचला असता. तोंडावर आलंही होतं. पण तो समोर मान खाली घालून उभा होता, आणि ते खोटं मला बोलवेना.

"कोपरा नको, साहेब," मी म्हणाले. "खालच्या सगळ्या गाळ्यांच्या चिठ्ठ्या टाका. निघंल तिथं मी मशीन मांडते. आन् ह्यांचं... ह्यांचं मी बघते."

सगळी सभा हसली. सिद्धप्पासुद्धा.

नशीब बघा, कोपरा सिद्धप्पांनाच निघाला. मला जिन्याखालचा गाळा, जिथं भरदुपारी दिवा लावावा लागणार. पण खाली तर खाली! म्हाताऱ्या बायका येतील, एवढं बास.

संध्याकाळी सुगत दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

"माझ्यामुळं तुझा कोपरा गेला..."

"तुमच्यामुळंच गेला. आता नीट उभं राहा, माप घ्यायचंय."

मी टेप त्याच्या छातीभोवती धरला. आत नुसती धडधड चालली होती, आणि पठ्ठ्यानं श्वास रोखून धरलेला.

"श्वास सोडा की. माप चुकायलंय."

"पर शर्ट कामून?"

"आईला भेटायला काय हा मळका घालून येणार?" मी म्हणाले. "आन् नौबादला आल्यावर चुकून जरी मला अक्का म्हणालाव, तर हाच टेप गळ्याला आवळीन."

त्यानं श्वास सोडला. माप दोन बोटं कमी भरलं.

"व्हय, पंचशीला," तो म्हणाला.