लालसिंगाची चुंबळ

धरमसिंगा, तुले उद्या घरी जायले सुट्टी पाह्यजे, नाही का? जमनीले दुसरं लेकरू झालं, मामाले भाचा पाह्यचा हाये. पाह्यशीन. पण आधी इथं बस. अन् बाकीचे पोट्टेहो, तुमी बी ऐका नाही त निजा. मधात खुसूखुसू केलं त उद्या भाकरीसंग चटणी भेटणार नाही. त्या परातीखाली काय झाकलं हाये ते शेवटी दाखवतो. आत्ता हात लावू नका.

आठ सालं झाले या गोष्टीले. एकसष्ट साली या बोर्डिंगातल्या मॅट्रिकच्या पोट्ट्यायची सहल राजस्थानात निघाली. विठ्ठलराव मास्तर मले म्हणे, ‘उकंडा, तू बी चाल. बावीस पोट्टे बाहेरचं खाऊन आजारी पडले त मी त्यायच्या मायबापाले काय सांगू?’ मंग काय, भांडे, कणकीचं पोतं, मिरच्या बांधल्या अन् निघालो. दारव्ह्याहून छोटी गाडी, मंग मोठी गाडी, मंग अजून एक. अंगाचा पार भुगा झाला तवा कुठं जोधपूर आलं.

त्या बाविसात एक लालसिंग होता. तुहा भाऊ, धरमसिंगा. तू तवा चार सालाचा, आंगणात नागडा हिंडे. तुले घरी सांगतलं हाये का तो अजमेरच्या ठेसनावर हरपला. ते मीच सांगतलं होतं तुह्या मायबापाले. खोटं सांगतलं.

रडू नको. ऐक.

जोधपुरात ते पोट्टं न्यारंच झालं. इथं फुलचंद अन् त्याचे दोस्त त्याले ‘लमाण, लमाण’ म्हणून चिडवत अन् हा मान खाली घाले. तिथं किल्ल्याखालच्या जुन्या गल्ल्या, निळ्या भिंतीयच्या, दोन माणसं संगमंग जाऊ शकत नाही अशा. दुकानदार काय बोले ते आमाले समजेच ना. अन् लालसिंग त्यायच्याशी धडाधड बोले! भाव करे, वाट पुसे. मास्तर त्यालेच पुढं करत. फुलचंद बी मागं मागं फिरे, ‘लालसिंगभाऊ, मले हे घेऊन दे ना’ म्हणून. मले म्हणे कसा, ‘काका, आमचे बुढे इथूनच बैलायवर मीठ लादून निघत. हे आमचं गाव होय.’ छाती अशी फुगलेली. बरं वाटलं मले पाहून.

त्याच वक्ती त्यानं मले तुह्या आज्याचे, रामलाल नायकाचे, कायदे सांगतले. कोणी ओझं ने म्हणलं त नाही म्हणायचं नाही. घेतलं त उघडून पाह्यचं नाही. अन् पोचवल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. मी म्हणलं, ‘भले कायदे हायेत बावा, गाढवाले बी सांगून ठेव.’ हासला होता.

कार्तिक अमावास्या होती. गुरुवार. जोधपुराहून मोटारीनं वाळूच्या मुलखात निघालो अन् दिवस बुडता बुडता मोटार बसली. ड्रायव्हर म्हणे, सकाळशिवाय काही होत नाही. पोट्टे काय, गाणे म्हणू लागले. मास्तर म्हणे, ‘उकंडा, मागं एक विहीर दिसलती, पाणी घेऊन ये.’ लालसिंग म्हणे, ‘मी येतो, मले बोली येते.’ दोघायनं एक एक डबा घेतला. साधं काम होतं.

विहीर अशी वाळूत एकटीच. घर नाही, झाड नाही. पन्नासेक पावलं राह्यले तवा माह्या पायात काटा मोडला. मी डबा त्याच्यापाशी देल्ला अन् खाली बसलो. लालसिंग पुढं गेला.

अन् तिथं कोणाशी तरी बोलू लागला.

मी पाह्यलं. कोणी नाही. चांदण्यायच्या उजेडात विहिरीचा काठ दिसे, लालसिंग दिसे. खाली बसलेल्या माणसाशी बोलावं तसा वाकून बोलून राह्यला. आवाज निसता त्याचाच. जात सांगतली, राठोड. तांडा सांगतला. आज्याचं नाव सांगतलं... मंग कान देऊन ऐकून राह्यला. मंग मान हालवली... हो म्हणला.

मी हाक मारली नाही. काहून नाही मारली? बोबडी वळली होती माही, दुसरं काय!

आला तवा दोन्ही डबे भरून आणले होते अन् काखेत एक गाठोडं. लाल कपड्याचं, त्याच्यावर आरसे, कवड्या लावलेल्या. तुमच्या बायायचा फडका असते तसा.

‘कोण होतं बे?’

‘एक बाई, काका. आपल्यातलीच. पदर ओढून बसली होती, तोंड दिसलं नाही. हे घरी ने म्हणे.’

‘कोणाच्या घरी?’

‘आमच्या. नायकाच्या घरी जिच्या मांडीवर लेकरू असन, तिच्या मांडीत ठेव म्हणे.’

मोटारीपाशी येऊन डबे पातेल्यात ओतले. वाळू निघाली. दोन्ही डबे, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी मोटार सुधारली अन् मास्तरनं सहल आवरती घेतली. परतीच्या गाडीत पह्यल्या रात्री लालसिंग गाठोडं पोटाशी धरून वरच्या फळीवर होता, मी खाली. सारे निजले होते. वरून आवाज आला. चुटूक... चुटूक... लेकरू पिते तसा.

मी उठलो. देवाचं नाव घेतलं. दोन्ही हातानं धरलं, खिडकीतून फेकाले. हाललं नाही! बाप्पा, मी कणकीचं पोतं एका हिसक्यात पाठीवर घेतो. अन् ते एवढंसं गाठोडं... हाललं नाही.

लालसिंग जागाच होता. रडून राह्यला होता. म्हणे, ‘काका, मले आता आठवलं. आजा सांगे. जुन्या काळी दुष्काळात तांडा तिकडून निघाला, तवा नायकाची सून वाटेत बाळंतीण झाली. विहीर कोरडी. पाणी घेऊन येतो म्हणून तिले अन् लेकराले तिथंच ठेवलं. अन् सारे इकडं वऱ्हाडात निघून आले. कोणीच मागं गेलं नाही.’ मंग माहा हात धरला त्यानं. ‘काका, जमनी बाळंतपणाले घरी आली हाये. आतापावतर झाली असन.’

मी म्हणलं, उघड. म्हणलं, जाळ. लय शिव्या देल्ल्या मी त्याले. ‘घेतलं ना, काका,’ म्हणे. एवढंच.

दारव्ह्याहून मोटारीनं इथं दिग्रसले उतरलो तवा रात्रीचे दहा वाजून गेले होते. सोमवार. बाकीचे पोट्टे मास्तरसंग बोर्डिंगात गेले. मी लालसिंगासंग तुमच्या तांड्याकडं निघालो. त्याले एकटं कसं सोडा? वाटेच्या दोन्ही अंगानं कपाशी. वारा नाही. कुत्रं बी भुकलं नाही.

शिवेच्या दगडापाशी आलो. तुमच्या आंगणातला दिवा दिसून राह्यला होता. तिकडून लेकरू रडलं. जमनीचं. झाली होती ती.

अन् गाठोड्यातून... बी.

लालसिंग थांबला.

‘पोचवलं त जमनीचं लेकरू जाते, काका. इथं ठेवलं त हे आपल्या पायानं जाईन.’

‘मंग?’

‘चालत राह्यलो त... वाटेतच राह्यते.’

‘किती दिवस बे?’

त्यानं माह्या खांद्यावरचा दुपट्टा मागतला. माह्या बायकोनं, मैनाबाईनं, त्याच्या कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्यानं मोर काढला होता. लालसिंगानं त्याले पीळ देल्ला, गोल वळला, चुंबळ केली. डोक्यावर ठेवली. वर ओझं घेतलं. मान दबली त्याची. अठरा सालाचं पोट्टं, धा पावलात बुढ्यावानी चालू लागलं. आलो त्याच वाटेनं. घराकडं पाठ करून.

मी आडवा व्हायले पाह्यजे होतो. पाय धराले पाह्यजे होते त्याचे. नाही धरले. भ्यालो मी, धरमसिंगा. अन् सकाळी तुह्या घरी जाऊन अजमेरचं नाव सांगतलं. आठ सालं झाले, तुही माय धनीबाई त्याचं ताट झाकून ठेवते, अन् मी तिच्या डोळ्याले डोळा देत नाही.

पण जमनीची पोरगी जगली. आठ सालाची हाये, तुले मामा म्हणते. ते त्याच्यानं.

आता जमनी पुन्हा बाळंतपणाले घरी आली. पोरगं झालं. अन् आज कोणती रात हाये? कार्तिक अमावास्या.

दिवेलागणीले मी हंडा घेऊन विहिरीवर गेलतो. जाताना पायरी झाडून गेलतो. आलो त पायरीवर हे होतं. परात उचल. कंदील धर जवळ.

पाह्य. पिवळी वाळू गळून राह्यली. आपल्या इकडं सारी काळी माती, अशी वाळू हाये कुठं? अन् हा मोर. मैनाबाई जाऊन तीन सालं झाले. तिचा टाका मी ओळखणार नाही?

आधी मले वाटलं, सुटलं पोट्टं. ओझं उतरलं, म्हणून चुंबळ आणून देल्ली. रडलो मी चुलीपाशी बसून. मंग हातात घेऊन नीट पाह्यली.

लालसिंगाचं डोकं थोराड होतं. माह्यासमोर वळली होती त्यानं. ही ती नाही... म्हणजे दुपट्टा तोच हाये. पीळ नवा हाये. चुंबळ ज्याच्या त्याच्या डोक्याच्या मापानं वळा लागते. ही लहान वळली हाये. बारा-तेरा सालाच्या पोट्ट्यासाठी.

कडी लावली ना रे? उद्या सुट्टी नाही कोणाले.

हात मागं घे, धरमसिंगा. डोक्यावर ठेवून पाहू नको.